पुनाभाऊचा कलप

पहूर, ता. १८ एप्रिल १९५५

प्रिय पुनाभाऊ,

तुझं कार्ड परवा मिळालं. पोस्टमन घरी न जाता थेट शाळेत आला आणि माझ्या हातात कार्ड देऊन उगाच दारात घुटमळत राहिला. कार्ड उघडंच असतं, त्यानं वाचलेलं असणार, त्याच्या चेहऱ्यावरून ते दिसतच होतं. मी कार्ड खिशात घातलं, चौथीच्या पोरांना फळ्यावर भागाकार घालून दिले आणि मधल्या सुटीत निंबाखाली बसून वाचलं. 'मला काढलं' असं लिहिलं आहेस, आणि पुढे लगेच धुळ्यातल्या उन्हाबद्दल. शेजारच्या कुणाची बातमी द्यावी तसं. इतकी वर्षं मिलमध्ये एका साच्यासमोर कापड विणत उभा राहिलास, दोन शब्दांत आटोपलंस. मला राग आला. तुझा नाही, पण त्या वेळी समोर तुझंच कार्ड होतं म्हणून त्याच्यावर काढला. पोरांचे भागाकार चुकले होते, त्यांनाही थोडा मिळाला.

आईचं विचारलं आहेस. त्यावर येतोच, आधी तुझं होऊ दे. खोली महिनाअखेर सोडायची, तू आणि भागावहिनी आखाजीच्या सणाच्या आत इकडे येताय, हे वाचून तुझ्या धाकट्या भावजयीनं, बेबाबाईनं लगेच मागची खोली सारवायला काढली. तिथे माझी शाळेची जुनी बाकडी आणि ज्वारीची कणगी होती, ती हलवली. बाकडी शेजारी सुपडूनानांच्या ओट्यावर ठेवली आहेत. नाना म्हणाले, "पुना येतो ना, मंग माझ्या ओट्याची काय कथा, माझी खाट काढून ठेव." घराची काळजी करू नकोस. हे घर तुझंच आहे, मी नुसता त्याचा राखणदार. येताना चाळीसगावला गाडी बदल, पाचोऱ्याला उतर आणि आपल्या छोट्या गाडीनं ये. एसटीचं म्हणशील तर तिची वेळ फक्त पाटीवर असते.

खरं म्हणजे तुझ्या कार्डाच्या आधीच मला सगळं कळलं होतं. तुझ्या खात्यातला भाईदास गेल्या आठवड्यात गावी परतला. त्यालाही काढलं, हे तुला माहीतच आहे. तो आला, माझ्याकडे बघून दारातच उभा राहिला, मग आत येऊन बसला. बेबाबाईनं पाणी दिलं. तो एवढा बडबड्या माणूस, त्याला असा गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. मग हळूहळू त्यानं सगळं सांगितलं.

मला हे सगळं रुपचंदपासून आठवतं. गेल्या वर्षी तुमच्या रणछोड मिलमध्ये नवे साचे आले आणि त्यांच्यामागून नवा मॅनेजर आला, तेव्हा तू मोठ्या कौतुकानं लिहिलं होतंस की एक माणूस आता आठ-आठ साचे बघेल. मी मनात म्हटलं, मग बाकीची माणसं काय बघतील? पण तू वडील भाऊ, तुला शहाणपण कोण शिकवणार. मग रुपचंद जॉबरला, तुमच्या मुकादमाला, बोलावलं. त्याच्यासारखा दांडगा माणूस अख्ख्या खात्यात नाही असं तूच सांगायचास. त्याला कारकुनानं विचारलं, जन्म कधीचा? आपल्या माणसांजवळ जन्माची तारीख कुठली? त्यानं छाती काढून सांगितलं, "छप्पन्याचा." छप्पन्या म्हणजे संवत छप्पनचा मोठा दुष्काळ, त्यात जो जगला त्याला आयुष्यभर त्याची मिजास. गावात कुणी असं म्हटलं की लोक मान डोलावतात, लोखंडाचा माणूस म्हणतात. कारकून गुजराती, त्याला संवत चांगलं कळतं. त्यानं बोटांवर हिशोब केला, वय पंचावन्नच्या घरात निघालं आणि रुपचंद घरी गेला. ज्या गोष्टीचा त्यानं जन्मभर अभिमान बाळगला तीच त्याला नडली. केसही पांढरेफेक होते त्याचे. तुझ्यापेक्षा दोन-चार महिन्यांनी लहानच असेल तो.

त्यानंतर तुमच्या खात्यात छप्पन्यात जन्मलेला एकही माणूस उरला नाही. कारकुनापुढे सगळे दुष्काळानंतरचे झाले. तूही झालास. दिवाळीला आलास तेव्हा हसत-हसत हे आईला सांगितलंस आणि ती केवढी बिघडली! तुला आठवतं ना? पहूरमध्ये सगळं आयुष्य काढलं तरी तिनं आपली अमळनेरकडची बोली सोडली नाही, आणि रागावली की ती अजूनच ठसक्यात यायची. "मंग छप्पन्यामा मनी मांडीवर कोन व्हतं?" म्हणाली. लोकांच्या कडेवरची लेकरं गेली, तिनं झाडाचा पाला उकडून खाल्ला आणि तुला अंगावर पाजून जगवलं, आणि आता पन्नाशीतला पोरगा येऊन सांगतो की मी तिथे नव्हतोच. दोन दिवस तिनं तुझ्याशी अबोला धरला होता. तू तिच्या मागे-मागे फिरत होतास आणि बेबाबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

अबोला सुटला तो उशीमुळे. तुझ्या उशीचा अभ्रा सकाळी काळा निघाला. आईनं तो हातात धरला, तुझ्या डोक्याकडे बघितलं, मिशांकडे बघितलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दुसरं लगीन करस का रे?" आपण सगळेच हसलो. भागावहिनी तर एवढी लाजली की चुलीपुढून उठेचना. पण तू ओट्यावर गेल्यावर आईनं मला जवळ बसवलं आणि विचारलं, कलप कशापायी? मी खरं ते सांगितलं. उन्हाळ्यात तपासणी आहे, मुंबईचा डॉक्टर येणार आहे, जो म्हातारा दिसेल त्याला काढणार आहेत, म्हणून खात्यातले सगळे केस काळे करताहेत. तो अभ्रा तिनं कुणाला धुवायला दिला नाही, स्वतःच राखेनं घासून धुतला. तू निघालास तेव्हा तुझ्या डोक्यावरून हात फिरवायला म्हणून तिनं हात उचलला आणि मध्येच थांबवून तुझ्या पाठीवर ठेवला. कलप निघेल म्हणून. तुझं लक्ष नव्हतं, तू पिशवी बांधत होतास.

आता भाईदासनं सांगितलेलं. तू ते लिहिलं नाहीस, मीही तुला विचारणार नव्हतो, पण मला माहीत आहे हे तुला माहीत असावं, म्हणजे इथे आल्यावर तुला चेहरा सावरून बसावं लागणार नाही. "उनात उभं केलं आमाले, मास्तर," भाईदास म्हणाला, "वय तं कोनी इचारलंच नाई." मिलच्या चौकात रांग लावली. मुद्दाम उन्हात उभं केलं की सावलीत जागा नव्हती, देव जाणे. डॉक्टर दुसऱ्या टोकापासून तपासत आला. धुळ्याचं चैत्रातलं ऊन, डोक्यावर टोपी घालायची नाही, आणि घाम तर येणारच. भाईदास म्हणाला, आधी शेजारच्याच्या कानामागून एक काळा ओघळ आला, मग एकेकाच्या. सदरे पांढरे, तपासणीला म्हणून सगळ्यांनी धुऊन घातलेले. कुणी हलेना, कुणी पुसेना, कारण पुसलं तर हाताला लागतं. डॉक्टर तुझ्यापुढे आला तेव्हा तुझी कॉलर काळी झाली होती. भाईदासच्या सांगण्यावरून तो पोरगेलासा होता आणि वाईटही नव्हता. त्यानं खिशातून आपला रुमाल काढून तुला दिला, मान पुसायला. तू पुसलीस आणि रुमाल परत करावा की नाही ते तुला कळेना. भाऊ, हे ऐकताना मी उठून आत गेलो. मला त्या डॉक्टरानं तुला दरडावलं असतं तर परवडलं असतं.

आणि वर कायदा. युनियनच्या माणसानं म्हणे सांगितलं की कपात करायची तर जो शेवटी लागला तो आधी गेला पाहिजे. बरोबर आहे, मीही वर्तमानपत्रात वाचलं होतं. पण मिलनं त्याला कपात म्हटलंच नाही. 'शरीरानं कामास असमर्थ' म्हटलं. तू असमर्थ! दिवाळीत विहिरीवरची धोंड तू एकट्यानं सरकवलीस, मी आणि सुपडूनानांचा मुलगा नुसते बघत होतो. म्हातारा झाला म्हणून काढलं असं तोंडानं म्हणायचीही त्यांची तयारी नाही. ज्यांचे केस कलपाशिवाय काळे होते ते राहिले, आणि त्यातल्या निम्म्यांना तूच तुटलेला धागा जोडायला शिकवलं होतंस. हे लिहिताना माझ्या बोरूचं टोक मोडलं, म्हणून इथून पुढे अक्षर वेगळं दिसेल.

तू म्हणशील, झुलाल एवढा का तापला. बाबा गेले तेव्हा मी जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होतो. दहाव्या दिवशी नदीवर तू केस दिलेस, मिशाही दिल्यास, आणि तुझं ते गुळगुळीत डोकं बघून मला हसू फुटलं होतं. सगळी भाऊबंदकी माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. तू तेवढ्यात माझ्याजवळ येऊन बसलास आणि म्हणालास, हस, बाबांनाही हसू आलं असतं. नंतर महिन्याभरातच धुळ्याला जाऊन मिलमध्ये लागलास. तुला शेतीत राहायचं होतं, मला माहीत आहे. मला फायनलची परीक्षा पास व्हायचं होतं म्हणून तू साच्यावर उभा राहिलास. आज गावात मला लोक मास्तर म्हणतात, वाकून रामराम करतात, तो रामराम मी दरवेळी अर्धा तुझ्या नावानं घेतो. हे तोंडावर कधी बोललो नाही. आपल्यात तशी रीत नाही.

आता आईचं. पाडव्यापर्यंत ती चांगली हिंडती-फिरती होती. पाडव्याला गुढी तिनंच उभारून घेतली, कडुनिंबाचा पाला मला दटावून खायला लावला. दुसऱ्या दिवशी ताप आला. जामनेरहून डॉक्टर आणला, त्यानं सुई दिली, पण छातीत कफ धरला होता आणि वय झालं होतं. मी तुला तार करायला निघालो, टोपी घातली, तर तिनं हाक मारली. तिनं आधीच सगळं मोजून ठेवलं होतं. हनुमान जयंतीनंतर तुमची तपासणी, हे तिला पाठ होतं. म्हणाली, "मी मरनू ते पुनाले कळू देजो नको. तपासणी व्हई जाऊ दे, मंग सांग." मी म्हटलं, आई, तो थोरला आहे, त्याचा हक्क आहे. तर म्हणाली, "म्हनीसनच नको सांगू. त्याले कळनं ते तो केस दीसन मोकळा व्हई." आणि मला कळलं की ती तुला माझ्यापेक्षा चांगली ओळखते. तू आला असतास, कुणाचं ऐकलं नसतंस, न्हाव्यापुढे जाऊन बसला असतास. मग तपासणीच्या दिवशी डोक्यावर पांढरे खुंट. मिशी उतरवलेली, आणि सुतकात कलप तरी कसा लावणार?

मी ऐकेन याचा तिला भरवसा नव्हता. म्हणून तिनं सुपडूनानांना बोलावून घेतलं आणि त्यांच्याकडून शब्द घेतला. नाना बिचारे हादरून गेले. थोरला जिवंत असताना धाकट्यानं मडकं धरायचं, भाऊबंदकी काय म्हणेल? आई म्हणाली, भाऊबंदकी माझ्या पुनाला भाकरी घालणार आहे का, ते विचारून सांगा. नानांनी शब्द दिला. मग तिनं आपल्या न्हाव्यालाही बोलावलं आणि त्याला बजावलं, पुना कधीही आला तरी त्याच्या केसांना हात लावायचा नाही. तो आमच्या ओट्यावर बसून ओक्साबोक्शी रडला. मी तुला त्या आठवड्यात कार्ड टाकलं होतं, 'आई बरी आहे, तुझी फार आठवण काढते' असं. त्यातलं निम्मं खरं होतं.

भाऊ, आई गेली. रामनवमीच्या आदल्या दिवशी, दुपारी, बेबाबाईच्या मांडीवर पाणी पिता-पिता. मी अग्नी दिला. तुझ्या हक्काचं मी घेतलं, पण तिनं दिलं म्हणून घेतलं, आणि त्याची माफी मी तुझ्याकडे मागणार नाही. दहाव्याला मी केस दिले, माझं डोकं अजून बोडकंच आहे. भाईदास दारात उभा राहून गप्प झाला तो ते बघून. सगळ्या गावानं तोंड शिवून ठेवलं, धुळ्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला नाना स्वतः बजावत होते. नोकरी राहिली असती तर हे सांगायला मी स्वतः धुळ्याला आलो असतो आणि तुझ्या शिव्या खाल्ल्या असत्या. ती राहिली नाही, आणि तुझं कार्ड आलं, त्यात तू लिहिलंस की आईला यातलं काही कळू देऊ नकोस, ती हाय खाईल, मी येऊन तिच्याजवळ बसून माझ्या तोंडानं सांगेन. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. तू दारातून तिला हाक मारत आत यावंस आणि मी समोर उभा असावं, हे माझ्यानं झालं नसतं. तिला काही कळलं नाही, भाऊ. ती गेली तेव्हा तू कामावर होतास. भटजी म्हणाले, लांबच्याला सुतक कळल्यापासून लागतं, म्हणजे तुला ते आत्ता लागलं. ऊठ, आधी अंघोळ कर, भागावहिनीला सांग, आणि या. न्हाव्यावर आता आईच्या शब्दाचं बंधन राहिलं नाही, तसं मी त्याला सांगितलं आहे. आखाजीला पितरांच्या घागरी भरायच्या, त्यात यंदा तिची पहिली. ती मी भरणार नाही. कोरी घागर आणून मागच्या खोलीत ठेवली आहे.

तुझाच,
झुलाल